तो उन्हाचा रंग नव्हता

पप्पा, तुमचं लिव्हर दारूने गेलं नव्हतं. आम्हा घरच्यांना ते ठाऊक होतंच, पण मग कशाने गेलं, हे मला आता इतक्या वर्षांनी माझ्याच रक्ताच्या रिपोर्टवरून कळलंय. आपल्या अंगात लोह साठत जातं. अन्नातून येतं, बाहेर पडत नाही, लिव्हरमध्ये मुक्काम ठोकतं आणि हळूहळू त्याची वाट लावतं. बायकांचं दर महिन्याला रक्त जातं, त्याबरोबर लोहही जातं, म्हणून मी इतकी वर्षं वाचले. पाळी थांबली आणि बोटांचे सांधे धरायला लागले. मल्याळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मम्मी-पापा शादी से पहले रिलेटिव्ह थे क्या?" म्हटलं, आई म्हणजे वडिलांच्या मामाची मुलगी. त्यांनी मान हलवली. हा दोष दोन्हीकडून यावा लागतो म्हणे. मग लगेच पुढचा प्रश्न, "भाई-बहन कितने?" म्हटलं, एक धाकटा भाऊ.

ती २००८ची मंदी आठवते? दुबईत अल क्वोजच्या तुमच्या वर्कशॉपमधली निम्मी माणसं घरी पाठवली होती. शारजाच्या जॅममधून तुम्ही यायचात ते थेट सोफ्यावर आडवे. सगळे म्हणायचे, टेन्शन. चेहरा काळवंडत चालला, त्यावर राखेसारखी छटा आली, तर शेजारचे काका म्हणाले, "साइटवर फार उभे राहता वाटतं." अहो, तुम्ही स्टोअरकीपर! दिवसभर एसीत बसणारा माणूस उन्हाने कसा काळा पडेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये? तो रंग साठत गेलेल्या लोहाचा होता.

कंपनीचं रक्तदान शिबिर तुम्ही कधी चुकवलं नाहीत. देऊन आलात की स्वारी खुशीत, गाणं गुणगुणत भाजी चिरायला बसायची. तुम्ही थकायला लागलात तसं आईने ते बंद केलं. "खलास आता! स्वतःच्या अंगात नाही रक्त आणि निघाले दान करायला." तुम्ही म्हणालात, "अगं, रक्त दिलं की मला बरं वाटतं." आम्ही हसलो. मग गावाहून लोखंडी कढई आली, तिच्यात माठाची भाजी शिजायला लागली, सकाळी अळिवाचा लाडू, वर खजूर, रात्री लोहाचं टॉनिक. आईच्या शब्दाबाहेर तुम्ही कधी नव्हतातच. मुकाट्याने सगळं खाल्लंत. पुढे पोटात पाणी झालं. हॉस्पिटलात भेटायला आलेला तुमचा ऑफिसवाला बाहेर कुजबुजला, "थोडा कम पीते तो..." आईने ते ऐकलं. त्यानंतर ती इथल्या कुठल्याच हळदीकुंकवाला गेली नाही.

आता माझ्या हातात सुई खुपसून रक्ताची पिशवी भरतात आणि ते रक्त टाकून देतात. औषध म्हणून एवढंच. पिशवी भरली की मला खरंच बरं वाटतं, पप्पा. तुम्हाला वाटायचं तसंच.

परवा शारजाला गेले. भाऊ हल्ली दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीच्या ऑफिसात आहे. आई त्याच्याकडेच असते. त्याला पाहिलं आणि दारातच थबकले. मानेवर तोच रंग. टेबलावर लाडवांचा डबा. आई म्हणाली, "दमतो गं हा, अगदी ह्यांच्यासारखा. म्हणून पुन्हा सुरू केलेत." मी त्याला टेस्ट कर म्हटलं तर म्हणतो, "ताई, आत्ता नको यार. कंपनीत माणसांची कटिंग चालू आहे. लिव्हरचं काही निघालं तर एचआरला आयतं निमित्त." आणि त्याने लाडू उचलला.

त्याला वाचवायचं तर तो लाडू थांबवायला हवा होता, आणि लाडू थांबवायचा तर आईला सगळं सांगावं लागणार होतं. मी सांगितलं. आईने त्याच्या हातातला लाडू काढून घेतला, डब्यात टाकला आणि झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "म्हणजे मीच?"

मी म्हटलं, "नाही गं. आजार त्यांच्या अंगातच होता."

दुसऱ्या दिवशी तीच त्याला लॅबमध्ये घेऊन गेली. त्याचा लोहाचा आकडा माझ्यापेक्षा पुष्कळ वर निघाला. लिव्हरवर व्रण पडलेत का, ते पुढच्या आठवड्यात स्कॅनमध्ये दिसेल. त्याचे डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. इन्शाल्ला, एवढंच म्हणतात, आणि मला त्या शब्दाची भीती वाटायला लागलीय.

हे लिहिलेलं मी फाडून टाकणार आहे, आईच्या हाती लागायला नको. पण तुम्हाला म्हणून सांगते. तिला मी "नाही" म्हणाले खरी, पण लगेच म्हणाले नाही. मधे क्षणभर गप्प राहिले, आणि तेवढा वेळ ती माझ्या तोंडाकडे बघत होती.