मणी सुकू द्यायचे नाहीत

सोम. ५ फेब्रुवारी १९६८
नोकरीला आज दोन महिने. डहाणूच्या वाडीत चिकूच्या झाडांमागे पत्र्याची शेड, तिला सोराबसर प्रयोगशाळा म्हणतात. आई म्हणते 'मंदेची औषधाची खोली'. काम एकच. कच्च्या पपईचा चीक पाण्यात विरघळवायचा आणि त्यातून पचनाच्या औषधाचा अर्क काढायचा. अर्क उतरतो झकास, पण रंग गढूळ चहासारखा. मुंबईची औषध कंपनी म्हणते, स्वच्छ करून दाखवा. कोळशातून गाळला की रंग जातो, पण औषधाचा जोरही निम्मा जातो.

आज सरांच्या परदेशातल्या भाच्याकडून एक बाटली आली. आत पाण्यात भिजलेले पांढरे मणी, साबुदाण्याहून बारीक. प्लास्टिकचे भाऊबंद, म्हणाले सर. मनात म्हटलं, झालं, आता माळा ओवा.

बुध. ७
माळेचं बोलले ते शब्द मागे घेते. काचेच्या नळीत मणी भरले, वरून अर्क ओतला. खालच्या तोटीतून थेंब थेंब... नितळ. पेला खिडकीशी नेऊन तीनदा बघितला. मग जोर तपासायला दुधात टाकला. दूध नेहमीइतक्याच वेळात फाटलं. म्हणजे रंग गेला, औषध राहिलं.

सर म्हणाले, "दीकरी, एकेका मण्याला आत हजार भोकं. रंगाचा कण बारीक, तो आत जाऊन चिकटून बसते. औषधाचा कण मोठा, तो दारावरूनच परत." सरांचं पारशी मराठी असंच, मुलीला दीकरी म्हणणारं, पण समजलं लगेच. रंग पिऊन मणी तपकिरी झाले होते. वरून स्पिरिट ओतलं तर सगळा रंग सोडून पुन्हा पांढरे. इतकं गुणी पोर आमच्या आळीत एकही नाही.

स्पिरिट मात्र कुलपात. दारूबंदीचं परमिट, थेंबाथेंबाची नोंद, किल्ली सरांच्या खिशात.

मंगळ. १३
कंपनीचे साहेब १ मार्चला येणार. अर्क पसंत पडला तर प्रयोगशाळा चालू. नाही तर शेड चिकूच्या पाट्या ठेवायला जाणार आणि सर मुंबईला बहिणीकडे. हे त्यांनी पपया बघता बघता सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. मी? घरीच नरपडला, आईबरोबर सुक्या मासळीत. आईला अजून बोलले नाही.

सोम. १९
सर तीन दिवस मुंबईला. जाताना म्हणाले, मणी धुऊन ठेव. स्पिरिट काढून देऊन गेले. धुतले. पांढरेशुभ्र झाले. मग ओले कसे ठेवायचे, कुबट वास धरतील म्हणून शेडमागे जुन्या धोतराच्या फडक्यावर पसरले, जवळा पसरतात तसे. दर तासाला हात फिरवला, कावळे हाकलले. संध्याकाळी खडखडीत वाळले. बरणीत भरले. स्वतःवर भलतीच खूश.

मंगळ. २०
नळी भरली. पाणी ओतलं तर मणी वर तरंगायला लागले. अर्क ओतला, तो मधूनच वाट काढून खाली आला. जसाच्या तसा तपकिरी. पुन्हा केलं. पुन्हा तेच. दिवसभर पाण्यात बुडवून ठेवले तरी वरच. सबंध देशात दुसरी बाटली असेल का, देव जाणे. आमच्याकडे एवढीच होती, आणि मी ती सुकट करून टाकली. जेवले नाही.

बुध. २१
आईने सकाळी बोंबील वळणीवर घालता घालता विचारलं, तोंड का उतरलं. सांगितलं सगळं. तिला नळी, अर्क काही कळलं नसणार असं मला वाटलं. तिने हात थांबवला नाही. म्हणाली,

"मासलीचं कोरं सुती जालं एकदम झाडाच्या सालीच्या रंगात टाकलं तं रंग धरत नाय. वरवरच राते. आधी पानी पाजाचं, मंग रंग."

"पाणी पितच नाहीत ते. तरंगतात."

"मंग जे पितात ते पाज. पांढरं व्हायला काय पिलं व्हतं?"

स्पिरिट! मला सुचलं नव्हतं. चौथी नापास बाई.

गुरु. २२
सर आले. चप्पल काढायच्या आत सांगितलं, मणी मी सुकवले. त्यांनी बरणी उचलून हलवून बघितली. मला वाटलं, आता निरोपच मिळणार. मग आईचं म्हणणं सांगितलं. सरांनी कोटाच्या खिशातून चुरगळलेला कागद काढला, बाटलीबरोबर आलेला. पहिलीच ओळ होती, मणी कधी सुकू देऊ नका. तो त्यांनी मला दाखवलाच नव्हता. म्हणाले, "अर्धी चूक तुझी, अर्धी माझी." आणि स्पिरिटच्या कुलपाची किल्ली माझ्या हातात दिली.

स्पिरिटची अर्धी बाटली उरली होती. मणी त्यात बुडवले. आधी बुडबुडे, मग एकेक करत सगळे खाली बसले.

शुक्र. २३
पाण्याने धू धू धुतले, स्पिरिटचा वास जाईपर्यंत. अर्क ओतला. नितळ. दूध फाटलं. मी रडले, उगाच.

शुक्र. १ मार्च
साहेब आले. पेला उजेडात धरला, दूध स्वतः फाडून बघितलं. दोन बाटल्या अर्क घेऊन गेले. कळवतो म्हणाले. बाकी तोंडावर काही दिसलं नाही. ते गेल्यावर सरांनी प्रयोगवहीत लिहिलं: 'सुके मणी आधी स्पिरिटने भिजवावे. सूचना: मंदाच्या आईची.' खाली सही. वहीत माझंही नाव आजवर असं आलं नव्हतं. मला हेवा वाटला, आणि अभिमान इतका की हेवा उरला नाही.

शनि. ९
पत्र नाही. सर दुपारी शेडमध्ये हात मागे बांधून फिरत होते, किती पाट्या मावतील ते मोजत असावेत.

घरी आईला वहीतून उतरून घेतलेली ओळ वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "चिठी येव नायतर नको येव. ते मनी सुकू देव नको."

उद्या रविवार, सुट्टी. तरी सकाळी जाऊन नळीतलं पाणी बघून येणार.