गौर वेणूवहिनीच आणेल

पनवेल,
२४ ऑगस्ट २०२५

चि. दीपेश,

आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे, गुडघा त्याच्या मर्जीने चालतो. तुमचं सुकापूर रिक्षाने दहा मिनिटांवर, तरी पत्र लिहिते, कारण फोनवर तू "आत्या, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. पत्राला ते सांगता येत नाही.

माझा भाऊ काशीराम गेल्यावर वर्षभर तुमच्याकडे सण झाला नाही. रीतच आहे ती. यंदा गौर येणार म्हणून बरं वाटलं होतं. मग तू घरच्या ग्रुपवर लिहिलंस: गौर आता घरची सून अंकिता आणेल, आईने आत बसावं, सण म्हणजे सवाष्णींचा मान. बत्तीस वर्षं ओढ्यावरून तेरड्याची गौर आणली ती तुझ्या आईनेच, माझ्या वेणूवहिनीने.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मराठी बोलू देत नसत, पण शब्द वापरण्याआधी कोशात बघायचं, हे त्यांनीच शिकवलं. म्हणून बघितलं. 'सण' आला आहे संस्कृत 'क्षण'मधून. त्याचा एक अर्थ उत्सव, दुसरा फुरसत. कुंकवाचा तिथे उल्लेख नाही. तुझ्या बेतात मात्र खेकडे साफ करून आपल्या रीतीचं गौरीच्या नैवेद्याचं चिंबोऱ्यांचं कालवण आईनेच रांधायचं आणि गौरीपुढे ठेवायचं दुसरीने. छान फुरसत आहे.

वेणूवहिनीला फोन केला. म्हणाली, "जाव द्या वन्सं, पोराचं मन कशाला मोडा. मी चुलीपाशी बरी हाय."

आता जे लिहायचं टाळते आहे ते. माझे बाबा गेले तेव्हा मी एकवीस वर्षांची, इंग्रजी शिकलेली. घरात माझा शब्द चालायचा. पुढच्या वर्षी तुझ्या आजीने, गंगाबाईने, हळूच विचारलं, "बाय, गौर मी आणू का गं?" मी म्हटलं, "लोक हसतील. आत बस." ती बसली. त्यानंतर सतरा वर्षं जगली, पुन्हा विचारलं नाही.

तेव्हा तू नवीन काही शोधून काढलेलं नाहीस.

अंकिताशी बोलले आहे. "आत्या, मला विचारलंय कोणी? आईच पुढे असू देत," म्हणाली. येत्या रविवारी, ३१ तारखेला, चारला मी ओढ्यावर असेन. गौरीचं सूप वेणूवहिनीच्या हातात, मी तिच्या शेजारी. भावकीत कोणी कुजबुजलं तर माझ्याकडे पाठव. अडवायचंच असेल तर तिथे, सगळ्यांदेखत अडव.

तुझ्या आजीची माफी मागायला दुसरी जागा न उरलेली,
तुझी आत्या