कोरडं दुपटं

सोमवार
आले एकदाची. ताईने बाळाच्याच खोलीत माझा पलंग टाकलाय. टिल्लू आठ महिन्यांचा, गाल असे की चावावेसे वाटतात. उद्यापासून ताई पुन्हा चष्म्याच्या दुकानात कामावर जाणार. भावजी महिनाभर बाहेरगावी. म्हणजे दिवसभर आम्ही दोघंच. मला मूल नाही, होणारही नाही. ताई म्हणाली, हा तुझाच समज. मी समजले.

मंगळवार
दिवसभर कडेवर घेऊन फिरवलं, गाडीचे आवाज काढत भरवलं. संध्याकाळी ताईचा पाय दारात पडला आणि पठ्ठ्याने माझ्या हातातून झेप घेतली. इतका वेळ मी कोण होते मग? मनाला लावून घेऊ नकोस, ताई हसत म्हणाली. हसायला तिचं काय जातं.

बुधवार
सकाळपासून ताप, ओकाऱ्या, मग पाण्यासारखे जुलाब. ताईने रजा टाकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोटाव्हायरस दिसतोय. तो औषधाने मरत नाही, अंगातलं पाणी टिकवायचं. ओआरएस चमच्याचमच्याने पाजत राहा, दूधही चालू ठेवा. शू थांबली, डोळे खोल गेले, रडताना अश्रू आले नाहीत, तर थेट हॉस्पिटल गाठा.
तो दिवसभर ताईला चिकटून. माझ्या वाट्याला दुपटी धुणं.

गुरुवार
दुकानाची किल्ली ताईकडे, तिला जावंच लागलं. शू झाली नाही तर लगेच फोन कर, दहादा बजावून गेली. टिल्लू दाराकडे बघून रडला नाही. माझ्या छातीवर डोकं टेकून पडून राहिला. पहिल्यांदाच माझा.

दुपटं सकाळपासून कोरडं आहे.

ताईचा फोन. मी सांगितलं, दोनदा ओलं केलं, पाणीही प्यायला. खरं सांगितलं असतं तर धावत आली असती आणि माझ्याकडून घेतला असता. थोडा वेळ तरी—

दुपार
रडला. आवाज फुटत नाही, अश्रू नाहीत. चमच्यातलं पाणी ओठांच्या कडेने बाहेर येतंय. डोळे अर्धवट उघडे, पण समोर हात हलवला तरी—

अँब्युलन्सला फोन केला. ताईला नाही. अँब्युलन्सच्या फोनवरच्या बाईने विचारलं, बाळ तुमचं कोण. मी म्हणाले, मी आई. किती सहज आलं तोंडात.

हातपाय गार पडलेत. एका हाताने चोळतेय, दुसऱ्याने लिहितेय, नाहीतर वेड लागेल.

जिन्यात पावलं. टिल्लू, डोळे उघड रे. आई हाक मारतेय ना— मी— तुझी—