झाडूचा आवाज

२ फेब्रुवारी, रविवार

नाही म्हणायला हवं होतं! आत्या पलंगावर पडल्यापडल्या म्हणाली, "पुढच्या रविवारपासून बैठकीत तू बोल." जाताजाता गॅस बंद कर म्हणावं, तसं.

पडून तिचा खुबा मोडलाय. आता बरेच महिने ती उठत नाही. पण तिच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी माणसं जमायची ती जमतातच. अर्धा तास सगळे गप्प बसतात, मग आत्या थोडं बोलते, मग कुणाला काही विचारायचं असेल तर विचारतात. मी शाळेत होते तेव्हापासून तिथे जाते, कायम शेवटच्या खुर्चीवर. तिथून दार जवळ पडतं.

म्हटलं, "हेडमास्तर आहेत ना! रिटायर झाल्यापासून त्यांचं दुसरं काम काय? सगळे ग्रंथ तोंडपाठ."

"म्हणूनच नको."

"आणि मला काय येतं?"

"काही नाही. ते तुला ठाऊक आहे, तेवढं पुरे."

हे कौतुक की अपमान? अजून कळलेलं नाही. पोटात गोळा आलाय तो जागचा हलत नाही.

४ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. हसतच सुटला. "दुकानात लोकांना चष्मे लावतेस, आता ज्ञानचक्षू उघड त्यांचे!" मग चहाचा कप पुढे करून, "महाराज, साखर चालेल ना?" उशी फेकून मारली. साधुत्वाचा श्रीगणेशा झाला म्हणायचा.

हसले, पण धास्ती आहेच. तिथे लोक नुसतं ऐकत नाहीत ना! घरी जाऊन तसं वागतात. आत्याच्या एका वाक्यावर एकानं सख्ख्या भावाशी धरलेला अबोला सोडला होता. उद्या माझ्या एका वाक्यावर कुणी काय सोडून बसेल, कुणी सांगावं?

८ फेब्रुवारी

उद्या! जेवण गेलं नाही.

आत्यानं एक नियम सांगितला. तसा जुनाच, ती स्वतः पाळायची. मला वाटायचं बाईला स्वच्छतेचं वेड आहे. जो बोलणार त्यानं आधी खोली झाडायची. एकट्यानं, कुणी यायच्या आत. दुसऱ्याच्या हातात झाडू द्यायचा नाही.

"का पण?"

"वाकावं लागतं म्हणून. वाकलेल्या माणसाला मोठंमोठं सुचत नाही."

मी म्हटलं, मला सुचायची भीती नाहीये, न सुचायची आहे. तर म्हणते कशी, "भीती वाटतेय? वाटू दे. ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी बोलू नकोस."

म्हणजे जन्मभर घाबरतच राहायचं? कसला हा आशीर्वाद!

९ फेब्रुवारी, रविवार

झाडलं. बोलले. मेले नाही.

झाडताना बरं वाटलं, खरंच. एक केसाचा आकडा, शर्टाचं बटण, आणि हेडमास्तरांच्या नेहमीच्या खुर्चीखाली बिस्किटांचा चुरा! हा माणूस संयमावर तासभर बोलू शकतो. एकटीच हसले. पलीकडच्या खोलीतून आत्या ओरडली, "काय सापडलं?" मधली भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा आहे, सगळं ऐकू जातं.

बोलले काय ते आठवत नाही. थोडकंच असावं, कारण लोक एकदम खुर्च्यांत सावरून बसले तेव्हा कळलं की मी संपवलंय.

मग औषधवालीनं विचारलं. औषधांच्या दुकानात काउंटरवर असते म्हणून सगळे तिला तेच म्हणतात. नवऱ्यानं मारून तिचं मनगट मोडलं होतं, तेव्हापासून ती वेगळी राहते. आता तो निरोपावर निरोप धाडतोय. सुधारलोय म्हणे, घरात घे.

"ताई, दार उघडू का त्याला?"

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. म्हटलं, "मला माहीत नाही गं. मला तर ऐकूनच भीती वाटतेय." हेडमास्तरांनी घसा खाकरला, असा की सगळ्यांना ऐकू जावा.

उठले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. काही थोर विचार करून नव्हे, पाय लटपटत होते! तिला विचारलं, "बाहेर, चार माणसांत भेटलीस का त्याला?" नाही म्हणाली. "मग एकदम दारच कशाला?" ती बराच वेळ मान हलवत राहिली.

घरी येऊन सपशेल आडवी झाले. माझ्या हातून हे होणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

हेडमास्तर आज लवकर आले. मी झाडत होते, ते दारात उभे राहून बघत होते. नंतर सगळ्यांसमोर म्हणाले, "मी आजवर नम्रतेवर पुष्कळ वाचलं. आज डोळ्यांनी पाहिली."

मी आपली "छे छे, सर!" करत राहिले. खोटं कशाला लिहू? अंगावर मूठभर मांस चढलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज झाडायला जरा उशिरा घेतलं. मुद्दाम? नाही.

हो. मुद्दाम.

लोक येऊन दाराशी थांबले होते, आत येईनात, जणू मी झाडत नसून पूजाच करत होते. आणि मी! जास्तच वाकले. जिथे केर नव्हता तिथूनही काढला.

नंतर आत्याकडे गेले तर म्हणाली, "आज झाडू फार वेळ चालला."

"केर जास्त होता."

"केर होता की माणसं होती?"

असा राग आला! म्हटलं, "तुझा खुबा मोडलाय आत्या, कान कधी मोडणार?" ती हसत सुटली, हसताना कळ आली, तरी हसत राहिली. मला हसू आलं नाही.

कारण पहिल्यापेक्षा जास्त घाबरलेय आता. बोलण्यातून अहंकार येईल म्हणून झाडू दिला हातात, तर तो झाडूवरच चढून बसला! उद्या लोकांना दाखवणं बंद केलं तरी मनात येणारच, बघा, मी दाखवत नाही. म्हणजे पळायचं कुठे? उजेडात उभं राहून आपली सावली झाडायला निघाल्यासारखं आहे. आत्याला विचारलं, तुझं कसं जमलं? म्हणाली, "जमलं असं कोण म्हणालं?" आणि डोळे मिटून घेतले.

२६ फेब्रुवारी

दुकानात एका आजोबांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत होते. नेहमीप्रमाणे विचारलं, "आता बरं दिसतं, की आधीचं बरं होतं?" कंटाळून म्हणाले, "तुम्हीच सांगा बाई, तुम्हाला कळतं." आणि मी सांगून टाकलं! त्यांच्या डोळ्यांना काय दिसतं ते मी सांगितलं! गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. मीही.

२ मार्च, रविवार, दुपार

आज काय बोलले! कुठून येत होतं कोण जाणे. शब्द नुसते रांगेत उभे होते, मला घ्या, मला घ्या. मागच्या रांगेत एकीनं डोळे पुसले. हेडमास्तरांनी दोनदा मान डोलावली, आणि त्यांची मान काही स्वस्त नाही.

औषधवालीनं पुन्हा तेच विचारलं. तो आज संध्याकाळी तिच्याकडे येणार आहे, निक्षून सांगितलंय म्हणे. मी क्षणही घेतला नाही. म्हटलं, "दार बंद ठेवून मन कसं उघडणार? उघड." खोलीत "वा!" उमटलं. ती खाली बसली.

पोटातला गोळा? शोधला, सापडला नाही. नवरा म्हणाला, "आज महाराज खुशीत दिसतात." मी त्याला ओरडलेसुद्धा नाही.

तोच दिवस, संध्याकाळ

घाईत लिहितेय. अक्षर लागणार नाही, नको लागू दे.

चार वाजता आत्याला रात्रीच्या जेवणाचं विचारायला गेले. तिनं नुसतं एवढंच म्हटलं, "आज झाडूचा आवाज नाही आला."

मला आठवेना. खरंच आठवेना! मग आठवलं. मी पोचले तेव्हा खोली लख्ख होती. हेडमास्तर झाडू ठेवत म्हणाले होते, "तुम्ही कशाला आता, ताई? आम्ही आहोत." आणि मी म्हटलं होतं, "बरं झालं." आणि सरळ जाऊन बसले होते. पुढच्या खुर्चीवर.

आत्यानं विचारलं, "बोललीस काय?" सांगितलं. औषधवालीला काय म्हणाले तेही सांगितलं. माझ्याच कानांनी ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं मी! मोडलेलं मनगट माझ्या आठवणीत कुठे होतं तेव्हा? फक्त माझं ते सुरेख वाक्य होतं.

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मग इथे काय करतेस? जा!"

औषधवालीला फोन लावतेय, ती उचलत नाही. पुन्हा लावला. उचलत नाही. नवरा गाडी काढायला खाली गेलाय. देवा, माझी वाचा घे, पण तिला काही होऊ देऊ नकोस. काहीही नको मला. हॉर्न वाजला.

३ मार्च

काल पोचलो तेव्हा तिचा नवरा निघून गेला होता. दारावर लाथांचे डाग, खालची फळी चिरलेली. दार बंद. मी माझं नाव ओरडले तेव्हा कुठे आतून कडी निघाली. ती धडधाकट होती. मी तिचे पाय धरायला वाकले, म्हटलं, माझं चुकलं, काही कळत नसताना मी उघड म्हणाले.

तिनं मला उठवलं. "त्या वेळी तुम्ही घाबरला होतात, ताई, माझ्या शेजारी येऊन बसलात," ती म्हणाली. "आज घाबरलाच नाहीत. म्हणून मी नाही उघडलं."