नाराच्या वाटेवरच्या लाटा

प्रिय हिस्किया,

हे पत्र तू स्वतः वाच. ऑफिसातल्या त्या बाईला "जरा बघ, ताई काय म्हणतेय" असं सांगून तिच्या हातात देऊ नकोस. फोन लावायचा तर पाण्याच्या टाकीच्या टेकाडावर चढावं लागतं, आणि चढून लावला की तू म्हणतोस, "ताई, डोंगरावर आहे, गिऱ्हाईकं आहेत, मागाहून करतो." डोंगर म्हणजे वाळूचा, आणि मागाहून म्हणजे कधी ते तुलाच ठाऊक. आता तर मला ते टेकाड चढताच येत नाही. अक्षराला नावं ठेवू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. शाळेतल्या युलियानाबाई सोमवारी तुमच्या शहरात, वॉल्व्हिस बेला जाणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते.

घरचं तसं ठीक आहे. धुकं यंदा भरपूर पडतंय, सकाळी शेळ्यांच्या पाठी ओल्या असतात. नदीला पाणी आलं नाही, पण काठच्या झाडांच्या शेंगा पुष्कळ पडल्यात, त्यावर शेळ्या माजल्यात. वाळूतल्या काटेरी झुडपांना नाराही असा लागलाय की आई असती तर तिने झुडपाझुडपाशी जाऊन आभार मानले असते. फळं पिकून पिवळी पडलीत आणि तिकडे कोल्हे मजा मारतायत, कारण आणायला कोणी जात नाही. नाराच्या टेकड्यांपर्यंतची वाट आता वाट राहिलेली नाही. गाढवाची गाडी तिच्यावरून गेली की आतल्या फळांचा रस होतो आणि माणसाचं पीठ. शेजारची लोसिदा गेली होती मागच्या महिन्यात. परत आली आणि म्हणाली, "एर्ना, माझे दात मोजून बघ गं, सगळे आहेत का."

तुझे दाजी त्या रस्त्यापायी वेडे व्हायचे बाकी आहेत. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा पट्टा ते ग्रेडर यंत्राने खरवडून सपाट करतात, हे तुला माहीत आहे. पूर्वी दीड-दोन महिन्यांनी एकदा खरवडला की पुरत असे. आता सोमवारी गुळगुळीत करून येतात आणि गुरुवारी बघावं तर पत्र्याच्या छपरासारखा. नाराकडे जाणाऱ्या मऊ वाळूत तर लाटा गुडघ्याएवढ्या खोल, एकामागे एक, कुणी मापून पाडल्यासारख्या. वैतागून त्यांनी एक दिवस ग्रेडर वाटेवर आडवा लावला आणि त्याच्या सावलीत चहा पीत बसले. पर्यटकांना वाळूवर फिरवणाऱ्या तुमच्या सहा गाड्या समोर उभ्या. तुझ्या त्या भागीदाराने, डिर्कने तक्रार केली आणि दाजींना रस्तेखात्याच्या साहेबाचं ठपक्याचं पत्र आलं. एकवीस वर्षांच्या नोकरीतलं पहिलं. त्यांनी ते चुलीत घातलं नाही, घडी करून बायबलमध्ये ठेवलंय. म्हणतात, मला मातीत घालताना हेही वाचा.

मला त्या लाटांचं कोडं पडलं होतं. वाळू तर सगळी सारखीच, मग उंचवटे इतके शिस्तीत का उठतात? तर दाजींनी मक्याची घट्ट लापशी ताटात पसरली आणि चमच्याची पाठ तिच्यावरून भर्रकन ओढली. चमचा उड्या मारत गेला. म्हणाले, "चाक असंच जातं. जोरात असलं की बारीकशा खड्यावरूनही उडतं, पुढे आपटतं, आपटलं तिथे खड्डा पाडतं आणि उकरलेली वाळू मागे फेकतं. मागून येणारं चाक त्याच उंचवट्यावरून उडतं नि त्याच खड्ड्यात आपटतं. दहा गाड्या गेल्या की लाट उठली, शंभर गेल्या की तिथे गाढवाचा पाय मोडतो." मग त्यांनी चमचा हळू ओढला. लापशी सपाटच राहिली. "हळू गेलं तर काही होत नाही," म्हणाले, "पण हळू जायला कुणाच्या बापाला वेळ आहे?" लापशी मग मलाच खावी लागली.

तू मागच्या नाताळात आला होतास तेव्हा मी हे तुझ्यापाशी काढलं होतं. तू शेकोटीपाशी बसून तळलेले गोळे खात होतास. हसून म्हणालास, "ताई, वाळूच आहे ती. एक पूर्वेचा वारा सुटला की सगळं पुसून जातं." तू नवे बूट घातले होतेस, चारचौघांत माझा भाऊ शोभून दिसत होतास, मला तो आनंद नासवायचा नव्हता. पण तेव्हा म्हणाले नाही ते आता म्हणते. तू अर्धंच खरं बोललास. उंच डोंगरांवरच्या रेघा वारा पुसतो, कबूल. पण खडीच्या माळावर वारा काही पुसत नाही. तुझ्या जन्माच्या आधी बाबा ज्या लॉरीतून मासळीच्या कारखान्यात कामाला जायचे, तिच्या चाकोऱ्या अजून तिथे आहेत. मी त्यात पाय ठेवून उभी राहिलेय. आता त्यांच्या शेजारी तुमच्या चाकोऱ्या पडल्यात. एका वाटेवर लाटा झाल्या की तुमचे लोक तिच्या बाजूने जातात, तिथे लाटा झाल्या की आणखी बाजूने. एका वाटेच्या सात झाल्या. दगडांवरचं ते नारिंगी शेवाळ, ज्याला हात लावला तरी आई ओरडायची, ते त्या पट्ट्यात कुठेच उरलं नाही.

आता माझ्या हाताचं. तुला निरोप मिळाला की ताई पाण्याच्या नळापाशी घसरून पडली. तू तुझ्याकडे कामाला असलेल्या रिनाल्दोबरोबर फळांची टोपली आणि ती जाड चादर पाठवलीस. चादर चांगली आहे. पण हिस्किया, मी नळापाशी पडले नाही.

जानेवारीतल्या एका मंगळवारी मी गाडी जुंपून नाराला निघाले होते. मिनिस्टर आणि करोलिना, दोघं गाढवं. धुकं नुकतंच उठलं होतं. लाटांमधून गाडी बोटीसारखी वरखाली होत होती, मी लगाम सैल सोडून त्यांना त्यांच्या चालीने जाऊ देत होते. पुढच्या वाळूच्या चढापलीकडे आवाज आला आणि मी काही करायच्या आत तुमची रांग वरून उतरली. पहिली उघडी चारचाकी मोटारसायकल माझ्या डावीकडून गेली, दुसरी करोलिनाच्या तोंडासमोरून. ती बिथरली, उसळली, पुढचा पाय दोन लाटांच्या मधल्या खाचेत गेला आणि मोडला. तो आवाज मी ऐकला. मग गाडी उलटली आणि मी खाली. उजवा खांदा मोडला आणि कंबरेच्या हाडाला चीर गेली.

त्या लोकांना मी बोल लावत नाही. घाबरून गेले होते बिचारे. एक परदेशी बाई हेल्मेट काढून माझा हात धरून बसली आणि माझ्यापेक्षा जास्त रडली. रांगेच्या पुढे होता रिनाल्दो. तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या पाया पडतो, साहेबांना सांगू नका. घरी महिन्याचं लेकरू आहे." आपल्या डोळ्यांसमोर वाढलेला पोरगा. मी म्हटलं, "नाही सांगत. आधी माझ्या नवऱ्याला घेऊन ये." तो गेला. मी तिथे करोलिनाच्या शेजारी पडून राहिले. ती उठायचा प्रयत्न करायची आणि पुन्हा बसायची. तेवढं बघणं मला नको होतं.

दाजी पिकअप घेऊन आले. मला मागे गादीवर निजवलं आणि डांबरी रस्त्याकडे निघाले. हळू चालवत होते, मला लागू नये म्हणून. पण हळू चालवलं की प्रत्येक लाट गाडी चढते आणि प्रत्येक लाट उतरते, आणि माझं मोडलेलं हाड तिच्याबरोबर चढत उतरत होतं. मी ओरडून म्हटलं, "गेर्सन, जोरात ने." ते म्हणाले, "नको." मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी गाडी सोडली. ऐंशीच्या पुढे गेली तसे धक्के एकदम कमी झाले, चाकं लाटांच्या माथ्यामाथ्यांवरून पळू लागली. मला बरं वाटलं. आणि तिथे पडल्यापडल्या माझ्या लक्षात आलं की हेच ते. सगळे जोरात जातात कारण जोरात जाणाऱ्याला रस्त्याचे धक्के लागत नाहीत. त्याच्यामागे रस्ता आणखी खोल होतो, आणि धक्का लागतो तो मागून हळू येणाऱ्याला. त्या दिवशी आम्हीही तेच केलं. दवाखान्याच्या दारात दाजी मला म्हणाले, "एर्ना, आज मी माझाच रस्ता मोडला." त्यांचे डोळे मी लग्नानंतर पहिल्यांदा भरलेले पाहिले. परत आल्यावर शेजाऱ्याची बंदूक मागून ते करोलिनाकडे गेले. मिनिस्टर आता गाडीला जुंपून घेत नाही.

तुझी टोपली घेऊन रिनाल्दोच आला होता, विचार कर. उंबऱ्याच्या आत येईना, माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "ये, संत्रं खा, तुझ्याच साहेबाने पाठवलंय." तो तसाच निघून गेला. पण गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर आपण होऊन आला, टोपी हातात धरून, आणि म्हणाला, "मावशी, सांगून टाका. मला झोप लागत नाही." म्हणून सांगतेय. त्याला कामावरून काढलंस तर मला तोंड दाखवू नकोस. मी त्याला विचारलं, तू चढावरून एवढ्या जोरात का उतरलास? तो म्हणाला, "दिवसाला चार फेऱ्या. हळू गेलो तर तीनच होतात." चार फेऱ्या त्याने ठरवल्या नाहीत.

आणि आता तुमचा कागद आलाय. डिर्कची माणसं आली, माझ्या खाटेपाशी उभी राहून गोड बोलली. नाराच्या टेकड्यांना वळसा घालून नवी वाट हवी आहे. त्यातल्या पाच टेकड्या आईनंतर माझ्या नावाच्या, म्हणून माझी सही. कुठे करायची तिथे पिवळा कागद चिकटवून ठेवलाय. एक जण म्हणाला, "हिस्किया म्हणाले, ताई नाही म्हणणार नाही." मला तुझा राग आला, पण त्याहून जास्त माझाच आला, कारण तुझं चुकलं नव्हतं. ताई कधीच 'नाही' म्हणाली नाही. दोन वर्षांपूर्वी तू डिर्कला घेऊन आलास आणि विचारलंस, माळावरून उंच डोंगरांकडे मोटार कुठून जाईल? दाजी म्हणाले, कुठूनच नाही. मी मात्र तुझ्या नव्या गाडीत पुढे बसले, गावातल्या बायकांना दिसेल अशी काच खाली घेतली, आणि आपली, नारा वेचणाऱ्यांची पायवाट तुम्हाला हाताने दाखवत गेले. इथून डावीकडे, आता त्या झुडपाच्या अलीकडून. ती वाट तुम्ही शोधली नाहीत. मी दिली.

शुक्रवारी नदीकाठी गावाची सभा आहे. मी सही करणार नाही, आणि नुसती घरात बसूनही राहणार नाही. दाजी मला खुर्चीसकट उचलून नेणार आहेत. वाट मी दाखवली हे आधी सांगेन, मग तिचं काय झालं आणि माझं काय झालं ते सांगेन, आणि त्यात तुझं नाव येईल. एवढ्या माणसांत तुझी ताई तुझ्याविरुद्ध बोलली, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. माझ्यावर रागावायचं तर रागाव, पण डिर्कला पाठवू नकोस, तू ये. एकच मागणं आहे. डांबरी रस्ता सुटला की गाडी माणसाच्या चालीने आण. अर्धा दिवस मोडेल, मोडू दे. एकही लाट चुकवू नकोस, बाजूने काढू नकोस. गावात पोचशील तेव्हा मला तुला काही समजावून सांगावं लागणार नाही.

रागावलेली, तरीही तुझीच
एर्ना