हंगेरीसाठीचा ठराव

अण्णा, परवा प्रागमध्ये रशियाचे रणगाडे शिरल्याची बातमी ऐकली आणि आपलं बापलेकांचं बारा वर्षं अडून राहिलेलं भांडण वर आलं. कळवायला पत्ता नाही, तरी लिहितो.

छप्पन सालची दिवाळी. कानडी मुलखातल्या आपल्या मल्लेश्वरमच्या घरात आई चकल्या तळते आहे आणि मी स्वतः जुळवलेल्या रेडिओवर लंडन लावतो आहे. हा रेडिओ मी कुठल्याही कॉलेजात न जाता जुळवला, हे तुम्ही पाहुण्यांना कधी सांगितलं नाहीत. हंगेरीत लोक रस्त्यावर आलेत, रणगाडे त्यांना चिरडतायत. लंडनचा गळा दाटून आलेला, आणि त्याच आठवड्यात त्यांची विमानं इजिप्तवर बॉम्ब टाकत होती. मॉस्को म्हणे, हे सगळे भाडोत्री गुंड. दिल्ली इजिप्तसाठी कडाडली आणि हंगेरीचं नाव आलं की घसा खाकरू लागली. चकली मोडत तुम्ही म्हणालात, "कोण कोणासाठी रडतंय ते सोड. कोणासाठी रडत नाही ते ऐक."

तरी मी आपल्या मराठी मंडळाच्या फराळाच्या सभेसाठी निषेधाचा ठराव लिहिला, इंग्रजीत, एकही चूक न करता. निम्मे सभासद सरकारी कारखान्यांतले, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात तुम्ही उठलात. "जानेवारीत मुंबईत आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा हा ठराव कुठे होता?" मागून कोणीतरी म्हणालं, "अहो अण्णा, स्वल्प, जरा सांभाळून. इथे आपण पाहुणे." "म्हणून तर हंगेरी," तुम्ही म्हणालात. "लांबच्या मढ्याला खांदा द्यावा लागत नाही." हशा पिकला, लाडू फिरले, ठराव बारगळला.

मला राग आला, पण वाटलं, माणूस खरं बोलला. मग दोन दिवसांनी आई सहज बोलून गेली की पोलीस ठाण्यातला माणूस गल्लीत माझी चौकशी करून गेला होता. सरकारी कारखान्यातली माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. आणि हे तुम्हाला सभेआधीच ठाऊक होतं! तेव्हापासून संशय आहे: तुम्ही मुंबईच्या मेलेल्यांसाठी उठलात, की माझ्या नोकरीसाठी? विचारलं असतं तर "सरी, सरी", बरं बरं, म्हणत पान लावायला घेतलं असतंत. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

आता प्राग. अमेरिका हळहळते, व्हिएतनामचं नाव न काढता. दिल्लीने निषेधाच्या मतदानात या वेळीही हात वर केला नाही. आमच्या कारखान्यातल्या तरुण इंजिनियरांनी मात्र रशियाच्या वकिलातीला पाठवायला निषेधपत्र काढलंय. आमच्या विभागात रशियन यंत्रं येणार आहेत. ती शिकायला मॉस्कोला जाणाऱ्यांत माझं नाव आहे. पदवी नसलेला मी एकटाच. "सर, तुम्ही मोठे, आधी तुम्ही," म्हणत एकाने पेन पुढे केलं. मुंबईचा तुमचा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता. विचारला नाही, कारण तो मी कोणासाठी विचारतोय ते मला पक्कं माहीत होतं.

सही केली, अण्णा. माझी सही तुम्ही पाहिली आहे, प्रत्येक अक्षर सुटं, कोणालाही वाचता येईल अशी. ही मलाही वाचता येत नाही.