शिंगाचं बूच आणि बुवांचा दात

केझाया,

चूल पेटवण्याआधी जरा बस, एक गोष्ट सांगतो. चर्चच्या डीकनच्या बायकोकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

आज प्रार्थनासभेत ॲम्ब्रोजबुवांनी बायबलातली, शिंगांच्या नादानं यरीहो शहराचा तट कोसळल्याची कथा गायला घेतली. अगं, काय आवाज लागला होता! याजकांनी शिंगं फुंकली, असं त्यांनी गाताच मला राहवलं नाही. बंदुकीच्या दारूसाठी केलेलं बायसनचं नवं शिंग कमरेला होतं, तेच फुंकलं. मागचं लाकडी बूच नुसतं मेणावर बसवलेलं, खुंट्या मारायच्या राहिलेल्या. ते उडालं आणि बुवांच्या पुढच्या दातावर बसलं. दात पडला.

"इनॉख, यरीहोत मी नव्हतो रे," बुवा म्हणाले.

आता ते गायला लागले की प्रत्येक ओळीला शिट्टी वाजते. मला मंडळीतून काढायचं का, ते शनिवारी ठरेल. काढलं, तर असं गाणं मी कुठं ऐकू? म्हणून शिंगाच्या टोकाचा दात कोरून बसवायला निघालोय. तुझं लहान पातेलं शिंग उकळायला वापरलं, त्यात दूध तापवू नकोस.

बायसनचं शिंग काळं असतं, तेव्हा बुवांनी तोंड उघडलं की हसू नकोस. आज प्रार्थनेत माझ्याआधी त्यांची आठवण ठेव.

इनॉख